लहान मातीचें धरण : त्याचें रक्षण आणि त्यावरील विहार

दुष्काळनिवारणाच्या कामास ज्या व्यापारी मंडळींनीं, जमीनधारकांनीं व इतर उदार गृहस्थांनीं आजवर हातभार लाविला, त्यांच्यापुढें हें विनंतिपत्र ठेवितांना एका व्यावहारिक विषयाचें सविस्तर विवेचन करणें आम्हांस अवश्य वाटतें. तो विषय म्हणजे लहान मातीचें धरण. दात्यांच्या द्रव्यांतून वांटलेलें धान्य खाऊन संपतें, चारा जनावरांच्या पोटांत जातो. परंतु त्याच द्रव्यानें बांधिलेला अथवा दुरुस्त केलेला बांध दोन-तीन पिढ्या उभा राहूं शकतो. म्हणूनच दुष्काळांत मजुरी देऊन तलाव बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्ह्यांतील आष्टी येथील व माणदेशांतील म्हसवडच्या तलावाचीं कामें दुष्काळी कामें म्हणून चालविलीं गेलीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत गांवोगांव पाझर तलाव व नालाबांध यांच्या कामांवर असंख्य हातांस मजुरी मिळाली, आणि त्याच अनुभवांतून पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. त्या काळचे कित्येक बांध आजही पाणी अडवीत आहेत.

परंतु बांध बांधून झाला, कोनशिला बसली व दात्याचें नांव कोरलें गेलें, म्हणजे काम संपलें असें मानण्याचा आपला परिपाठ आहे. तो घातक आहे. शिवाय, तलाव भरला कीं तेथें माणूस जमतो. पोरें पोहावयास येतात. पोळ्यास बैल धुतले जातात. गणपतीचें विसर्जन होतें. शहरांतील मंडळी सुट्टीच्या दिवशीं डबे घेऊन काठावर बसतात. कोणी होडी आणितो, कोणी गळ टाकितो. दात्यांपैकीं कित्येकांची अशीही इच्छा असते कीं, आपण दिलेल्या तलावाकांठीं लहानशी बाग असावी, बसावयास ओटे असावे, नौकाविहाराची सोय असावी. ही इच्छा वावगी नाहीं. ज्या गांवानें तीन वर्षें कोरडें आभाळ पाहिलें, त्यानें भरल्या पाण्यापाशीं चार घटका आनंदांत घालविल्या तर त्यांत दोष कोणता ? प्रश्न इतकाच कीं, हा विहार धरणाच्या जिवावर उठणारा नसावा, आणि धरण खालच्या वस्तीच्या जिवावर उठणारें नसावें. या दोहोंचा संबंध कसा आहे, तें पुढें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

मातीच्या धरणाची रचना

वरून पाहणारास मातीचें धरण म्हणजे एक लांब ढीग दिसतो. वस्तुतः त्याचे अवयव ठरलेले असतात. मध्यभागीं चिकण मातीचा गाभा. तो पाणी अडवितो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरुमाचें कवच. तें गाभ्यास आधार देतें. गाभ्याखालीं जमिनींत चर खोदून, तो घट्ट थरापर्यंत नेऊन, चांगल्या मातीनें ठासून भरलेला असतो. त्यायोगें पाणी धरणाच्या बुडाखालून निसटत नाहीं. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठीं दगडांचें पिचिंग बसविलेलें असतें. कोरड्या बाजूच्या पायथ्याशीं वाळू, खडी व दगड यांची गाळणी असते. मुरलेलें पाणी तिच्यांतून माती न आणितां बाहेर पडावें, हा तिचा उपयोग.

याखेरीज दोन अवयव फार महत्त्वाचे. पहिला सांडवा. तलाव पूर्ण भरल्यावर जास्तीचें पाणी ज्या वाटेनें निघून जातें ती ही वाट. दुसरा अवयव म्हणजे मोरी, म्हणजे धरणाच्या पोटांतून पाणी सोडण्याचा मार्ग व त्यावरील दार. सांडव्याची पातळी व धरणाचा माथा यांमध्यें लहान धरणांत बहुधा तीन ते पांच फूट उंची मोकळी सोडलेली असते. पुष्कळांस ती फुकट गेलेली उंची वाटते. खरें पाहतां धरणाचें आयुष्य त्या मोकळ्या उंचींत आहे. कारण महापूर व लाटा यांस सामावून घेणारी जागा तीच होय.

मातीचें धरण कशानें फुटतें

दगडी भिंतीवरून पाणी वाहिलें तर ती बहुधा कांहीं काळ टिकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहूं लागलें कीं कोरड्या बाजूचा उतार खरवडला जातो, घळ पडते, आणि थोड्याच वेळांत सारा तलाव त्या घळींतून बाहेर येतो. हें पहिलें कारण. सांडवा अपुरा असणें, तुंबणें, अथवा धरणाचा माथा एखाद्या ठिकाणीं खचलेला असणें, यांमुळें तें घडतें.

दुसरें कारण याहून गुप्त असतें. मुरणारें पाणी आपल्याबरोबर मातीचे कण नेऊं लागलें, तर बाहेरच्या तोंडापासून आंत अशी एक नळी तयार होत जाते. ती पाण्यापर्यंत पोंचली कीं धरण आंतून पोखरून बसतें. मोरीच्या नळाभोंवतीं माती नीट दाबली गेली नसल्यास, झाडाचें जाड मूळ कुजून पोकळी राहिल्यास, घुशी, खेकडे वा साळिंदर यांनीं बिळें केलीं असल्यास, अथवा वारुळांच्या खालीं पोकळ्या असल्यास या नळीस आयतीच वाट मिळते.

तिसरें कारण उतार घसरण्याचें. कोरड्या बाजूचा उतार फार उभा असून तो पाण्यानें भिजला, किंवा भरलेल्या तलावाचें पाणी एकाएकीं उतरविल्यामुळें पाण्याकडील ओला उतार निराधार झाला, म्हणजे मातीचा मोठा कडा खालीं सरकतो.

महाराष्ट्रास याचे धडे मिळालेले आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण काम पुरतें होण्यापूर्वींच भरत असतां फुटलें. मोरीचें काम अपुरें राहिलें होतें व त्याच ठिकाणीं धरण खचलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणही गेलें आणि पुणें शहराच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. तें धरण मोठें होतें म्हणून लहान धरणवाल्यांनीं निश्चिंत राहूं नये. २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील लहान मातीचें धरण फुटलें व खालच्या वाडींतील वीसच्या सुमारास माणसें वाहून गेलीं. धरणास गळती असल्याच्या तक्रारी गांवकऱ्यांनीं आधींच केल्या होत्या. धरण लहान कीं मोठें, हें त्याच्या उंचीवरून ठरवूं नये; त्याच्या खालीं कोण निजतें यावरून ठरवावें.

विहारासाठीं राखलेल्या दोन धरणांची हकीकत

आतां आम्ही परदेशांतील दोन उदाहरणें देतों. दोन्हीं ठिकाणीं धरण मातीचें होतें, त्याचा मूळ उपयोग संपला होता, व तें पुढें केवळ मौजेसाठीं राखलें गेलें होतें.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत साऊथ फोर्क नांवाचें ७२ फूट उंचीचें मातीचें धरण होतें. कालव्यांतील नौकांस पाणी पुरविण्यासाठीं तें सरकारनें बांधिलें. तें १८५३ च्या सुमारास पुरें झालें. तोंच आगगाडी आली व कालवा निरुपयोगी झाला. धरण विकलें गेलें, १८६२ सालीं एकदां अंशतः फुटलें, आणि पुढील एका मालकानें तर त्याच्या बुडांतील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारांत विकले. १८७९ सालीं पिट्सबर्गच्या धनाढ्य लोकांच्या एका मासेमारी व शिकार मंडळानें तें घेतलें. अँड्र्यू कार्नेजी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन यांसारखे कारखानदार व पेढीवाले त्याचे सभासद होते. त्यांनीं भगदाड बुजवून तलाव पुन्हा भरला, कांठावर बंगले उठविले, होड्या आणिल्या, मासे सोडले.

येथपर्यंत कोणासच नांव ठेवण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु मौजेच्या सोयीसाठीं त्यांनीं ज्या गोष्टी केल्या त्या पाहाव्या. घोडागाड्यांस धरणावरून जातां यावें म्हणून माथा दोन-तीन फूट खालीं छाटून रुंद केला. सोडलेले मासे निसटून जाऊं नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशीं जाळ्या बसविल्या. विकलेले नळ पुन्हा बसविले नाहींत. त्यामुळें पाणी हवें तेव्हां उतरविण्याचा मार्गच उरला नाहीं. धरणाचा मध्य कांहींसा खचलेला होता, तो तसाच राहिला. खालीं १४ मैलांवर जॉन्सटाऊन हें लोखंडाच्या कारखान्यांचें गांव होतें. तेथील लोखंडी कारखान्याच्या मुख्यानें १८८० सालीं आपला इंजिनियर पाठवून धरण पाहविलें. इंजिनियरानें पाणी सोडण्याच्या नळांचा अभाव व डागडुजीचा कच्चेपणा हे दोन दोष स्पष्ट कळविले. दुरुस्तीच्या खर्चांत वांटा उचलण्याची तयारीही कारखान्यानें दाखविली. मंडळानें ती मान्य केली नाहीं.

३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टि झाली. जाळ्यांत फांद्या व कचरा अडकून सांडवा तुंबला. माणसें लावून माथा उंच करण्याचा व बाजूस दुसरा चर खोदण्याचा प्रयत्न झाला. पण वेळ निघून गेली होती. दुपारीं तीन वाजल्यानंतर थोड्याच वेळांत धरण गेलें, व सुमारें एका तासानें पाण्याची भिंत जॉन्सटाऊनवर आदळली. २,२०९ माणसें मेलीं. त्या दिवशीं तारेनें इशारे पाठविले गेले होते. परंतु धरण फुटणार अशी आवई दर वर्षीं उठत असल्यामुळें त्यांकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढें १८९१ सालीं इंजिनियरांच्या एका चौकशीनें असा निर्वाळा दिला कीं, माथा छाटला नसता तरी धरण फुटलेंच असतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या गणितानें हा निर्वाळा खोडून काढिला. माथा छाटल्यामुळें पाणी वाहून नेण्याची धरणाची शक्ति फार घटली होती, असें त्यांत दाखविलें आहे. मंडळाकडून नुकसानभरपाई मात्र कोणासच मिळाली नाहीं. क्लारा बार्टन यांनीं अमेरिकन रेड क्रॉसच्या वतीनें कित्येक महिने तेथें साह्य केलें. कार्नेजी यांनीं गांवास ग्रंथालय बांधून दिलें. आमच्या दात्यांनीं या शेवटच्या गोष्टीचा विशेष विचार करावा. आपत्तीनंतर दिलेलें दान मोठें दिसतें; परंतु तेंच द्रव्य आठ-नऊ वर्षें आधीं दोन नळांवर व चार हात मातीवर खर्च झालें असतें, तर ग्रंथालयांत बसणारीं माणसें उरलीं असतीं.

दुसरें उदाहरण याहून आपल्या मापाचें आहे. जॉर्जिया संस्थानांत टोकोआ फॉल्स येथील विद्यालयाच्या वरच्या बाजूस केली बार्न्स नांवाचें अवघें ३८ फूट उंचीचें मातीचें धरण होतें. पूर्वीं तें वीज उत्पन्न करण्यासाठीं वापरीत. १९५७ नंतर तें काम बंद झालें व तलाव केवळ करमणुकीसाठीं राहिला. उपयोग गेला तशी देखरेखही गेली. कोरड्या बाजूचा उतार अति उभा असून त्यावर झाडें माजलीं होतीं. पूर्वीं एकदां तो उतार घसरलाही होता. ६ नोव्हेंबर १९७७ रोजीं मध्यरात्रीनंतर, मोठ्या पावसांत, तें फुटलें व खालच्या वसाहतींतील ३९ माणसें मेलीं. चौकशी मंडळास एकच एक कारण सांगतां आलें नाहीं. उभा उतार घसरला व आंतून माती वाहून जाण्यानें त्यास साह्य केलें, असा त्यांचा कयास झाला.

या दोन हकीकतींवरून एकच बोध घ्यावयाचा. मौजेनें धरण फुटत नाहीं. मौजेसाठीं सांडवा अरुंद केला, माथा उतरविला, झाडें शोभेसाठीं राखलीं, व पाहणाराची नजर पाण्याच्या सौंदर्याकडे राहून कोरड्या बाजूकडे पाठ फिरली, म्हणजे धरण फुटतें.

देखरेख : प्रत्येक दात्यास करतां येण्याजोगी

धरणांच्या सुरक्षिततेविषयीं केंद्रसरकारचा कायदा २०२१ सालीं झाला. तो १५ मीटरांहून उंच धरणांस, आणि १० ते १५ मीटरांपर्यंतच्या, लांबी, सांठा, पूर इत्यादि बाबतींत ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांस लागू आहे. त्यांत पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर पाहणी करणें बंधनकारक केलें आहे. देशांतील नोंदलेल्या मोठ्या धरणांपैकीं सर्वांत अधिक धरणें महाराष्ट्रांत असल्यामुळें या कायद्याचें महत्त्व येथें विशेष आहे. परंतु पाझर तलाव, गांवतलाव व नालाबांध यांतील बहुतेक १० मीटरांहून ठेंगणे असल्यानें ते या कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत. त्यांची राखण गांवाच्या व दात्याच्या सावधपणावरच अवलंबून आहे. त्यासाठीं इंजिनियरच असावा लागतो असें नाहीं. मे महिन्याच्या मध्यास, पहिला भरणा होतांना, अतिवृष्टीच्या प्रत्येक दिवशीं, आणि पावसाळा सरल्यावर, असें चार वेळां धरण पायीं फिरून पाहावें व पुढील गोष्टी वहींत लिहून ठेवाव्या.

१. माथा. एका टोंकास उभें राहून दुसऱ्या टोंकाकडे पाहावें. मध्यें खोलगट भाग दिसल्यास तो पावसाळ्यापूर्वीं भरून घ्यावा. गाड्यांच्या व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बुजवाव्या. धरणाच्या लांबीस समांतर जाणारी भेग दिसली तर ती उतार घसरण्याची सूचना समजावी. आडवी भेग गळतीची वाट होऊं शकते. दोहोंविषयीं जाणत्याचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

२. कोरडी बाजू. उन्हाळ्यांत सर्वत्र गवत वाळलेलें असतां एकाच ठिकाणीं हिरवा पट्टा असला, तर तेथें पाणी झिरपत आहे असें जाणावें. झिरपणारें पाणी कांचेच्या बाटलींत घेऊन स्थिर ठेवावें. तें निर्मळ राहिलें व त्याचें मान वाढत नसलें तर नुसती नोंद ठेवावी. तळाशीं माती बसली, किंवा झिरपा रोज वाढूं लागला, तर तें संकटाचें चिन्ह होय. पायथ्याशीं वाळू उकळल्यासारखी वर येत असली तर एक क्षणही गमावूं नये.

३. बिळें, वारुळें व झाडें. बिळें खणून, माती थरांनीं ठासून बुजवावीं. तोंडावर दगड ठेवून भागत नाहीं. धरणावर बाभूळ, वेडी बाभूळ, पिंपळ, निलगिरी यांपैकीं कांहींही उगवतांच उपटावें. जुनें झाड मात्र नुसतें तोडून चालत नाहीं. मुळें कुजून आंत पोकळी राहते. तें जाणत्याच्या देखरेखीखालीं, पाणी कमी असतांना, मुळांसह काढून खड्डा ठासून भरावा. उतारावर गवत असावें. तें कापावें, जाळूं नये.

४. सांडवा. यांत जाळें, बांबू, वाळूचीं पोतीं कांहींही नको. अधिक पाणी सांठावें म्हणून सांडव्यावर बांध घालण्याची युक्ति शेतकरी बंधूंस नेहमीं सुचते. त्या एका हाताच्या वाढीनें माथ्याखालची मोकळी उंची तितकीच घटते, हें त्यांस समजावून सांगावें. सांडव्याच्या पुढील वाहळांत शेत, झोंपडी अगर दुकान होऊं देऊं नये.

५. मोरी. दार वर्षांतून दोनदां उघडून बंद करून पाहावें. गंजून बसलेलें दार असून नसल्यासारखें आहे.

६. गाळ. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेमुळें तलावांतील गाळ शेतांत नेण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं झालें. गाळ काढणें उत्तमच. परंतु धरणाच्या पायथ्यालगत खोदूं नये. तेथील चिकण मातीचा थर पाण्यास खालीं जाण्यापासून अडवितो, आणि तो फोडला तर बुडाखालून गळती सुरू होते. तलावांतही उभ्या कडांचे खोल खड्डे न पाडतां उथळ व उतरते थर काढावे. याचें दुसरें कारण पुढें येईल.

संकटाचें चिन्ह दिसल्यास क्रम असा ठेवावा : प्रथम खालच्या वस्तीस हालवावें व तहसील कचेरीस कळवावें, मग मोरी उघडून पाणी उतरवावें, गढूळ झिरप्याच्या तोंडावर आधीं वाळू, तीवर खडी व तीवर दगड असा थर घालावा. बाहेरच्या तोंडावर चिकण माती थापून तें बंद करूं नये; अडलेलें पाणी शेजारून अधिक जोरानें फुटतें. माथ्यावर पाणी चढत असल्यास खोलगट भागीं पोतीं रचावीं. मात्र माणसें खालून निघून गेल्याची खात्री झाल्यावांचून कोणीही धरणावर झुंजत राहूं नये. आणि इशारा दहा वेळां फोल ठरला तरी अकराव्या वेळीं द्यावा व ऐकावा.

विहार : काय असावें, काय नसावें

आतां करमणुकीचा विचार. पाण्याकांठची बाग, बसण्याचे ओटे व फराळाची जागा धरणावर नसावी, सांडव्याच्या वाटेंत नसावी, व कोरड्या बाजूच्या पायथ्याशीं तर मुळींच नसावी. ती तलावाच्या नैसर्गिक कांठावर, उंच जागीं असावी. गुरें धुण्यासाठीं व पाण्यावर नेण्यासाठीं त्याच बाजूस फरसबंद घाट करून द्यावा. धरणाच्या पिचिंगवरून जनावरें उतरलीं तर दगड निखळतात व पहिल्या वादळांत तेथेंच माती खचते. गणपतीच्या विसर्जनासाठीं वेगळें कुंड असावें, विशेषतः जेथें तलावाचें पाणी पिण्यास वापरतात तेथें.

पोहण्याविषयीं आम्ही कठोर आहोंत, त्याचें कारण सांगतों. तलावांत बुडणारीं मुलें बहुतेक गांवचींच असतात. उन्हाळ्यांत जेथें तीं कोरड्या पात्रांत खेळलेलीं असतात, तेथेंच गाळ काढून नेलेला खड्डा पावसाळ्यांत पाण्याखालीं लपलेला असतो. कमरेइतक्या पाण्यांतून चालणारें मूल एका पावलांत डोक्याइतक्या पाण्यांत जातें. उभ्या कडेवर पाय ठरत नाहीं, आणि तळाच्या चिखलांत रुततो. म्हणून गाळ उपसतांना उतार ठेवावा, असें वर सांगितलें. पोहण्याची जागा एकच, तळ पाहिलेली, खुणेच्या दोरीनें वेढलेली असावी. मोरीच्या तोंडाजवळ ओढ असते, तेथें कोणासही जाऊं देऊं नये. वाहत्या सांडव्यांत उतरणें हा तर जिवाशीं खेळ होय. शेवाळावर पाय सुटतो, आणि वर डोंगरांत पडलेल्या पावसाचें पाणी पूर्वसूचना न देतां येतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण अशाच वाढत्या पाण्यांत वाहून गेले.

नौकाविहार करावयाचाच तर वल्ह्याची होडी असावी. लहान तलावांत यंत्राच्या होडीच्या लाटा कांठ व पिचिंग दोन्हीं उसकटतात. होडींत किती माणसें बसावीं तो आंकडा होडीवरच रंगवावा व तो ओलांडणाऱ्या नावाड्यास त्या दिवसापुरतें घरीं पाठवावें. प्रत्येक माणसाच्या अंगांत तरंगतें जाकीट असलेंच पाहिजे. १८ जानेवारी २०२४ रोजीं वडोदऱ्याच्या हरणी तलावांत सहलीस आलेल्या शाळेची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मरण पावल्या. होडींत क्षमतेहून अधिक माणसें होतीं, आणि पुष्कळ मुलांच्या अंगांत जाकिटें नव्हतीं. एका जाकिटाची किंमत ती काय, व मुलाची काय, हा हिशेब व्यापारी मंडळींस आम्हीं सांगावयास नको.

बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं अडाणी धाडस करूं नये. एकाच्या मागें दोन-तीन माणसें गेल्याचे प्रसंग पुष्कळ घडतात. काठावरून दोर, लांब बांबू, फुगविलेली रबरी ट्यूब, रिकामा बंद डबा, नेसूचें लुगडें वा धोतर, जें हाताशीं असेल तें त्याच्याकडे फेकावें. बाहेर काढल्यावर त्यास उलटें टांगणें, गरगर फिरविणें, पोट दाबून पाणी काढणें, या रिती सोडून द्याव्या. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसल्यास त्यास उताणें निजवून, मान किंचित् मागें करून, नाक दाबून तोंडानें श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यावर दोन्हीं हातांनीं जोरानें तीस दाब व मग दोन श्वास, असा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रत्येक गांवांत निदान दहा तरुणांस हें हातानें करवून शिकविणें, हें आम्ही तलावाच्या बांधकामाइतकेंच आवश्यक समजतों.

दात्यांस विनंति

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा कीं, नवा तलाव देणाऱ्यानें त्याच्या राखणीची तरतूदही त्याच दानपत्रांत करावी. बांधाच्या खर्चाचा कांहीं भाग स्वतंत्र ठेव म्हणून बाजूस काढावा, आणि तिच्या व्याजांतून पावसाळ्याचे चार महिने एक राखणदार, पाऊस मोजण्याचें साधें यंत्र, गवत कापणें, बिळें बुजविणें, मोरीच्या दारास तेल व रंग, दोर, ट्यूबा व जाकिटें एवढा खर्च भागावा. ज्यांस नवा तलाव देण्याची शक्ति नसेल त्यांनीं एखादा जुना तलाव दत्तक घ्यावा. जुन्या दुष्काळांत आपल्या पूर्वजांनीं टोपल्या वाहून बांधिलेला बांध नीट करणें हें नव्या बांधाहून स्वस्त व तितकेंच पुण्यप्रद आहे. जमीनधारकांस आमची वेगळी विनंति आहे. सांडव्याच्या वाहळांत ज्यांचें शेत पुढें सरकलें असेल त्यांनीं तें आपण होऊन मागें घ्यावें. पैशाच्या कोणत्याही देणगीहून आम्ही या देणगीचें मोल अधिक मानूं.

आणि बाग, ओटे, होडी यांसाठीं जे दाते द्रव्य देऊं इच्छितात त्यांस आम्ही नकार देत नाहीं. केवळ क्रम सांगतों : आधीं सांडवा मोकळा, मग मोरीचें दार चालतें, मग कोरडी बाजू स्वच्छ, मग पोहण्याची जागा निर्धोक, आणि सर्वांच्या शेवटीं बाग. या क्रमानें केलेल्या तलावाकांठीं ज्या दिवशीं गांवचीं मुलें निर्भय पोहतील व खालच्या वाडींतील माणसें मुसळधार पावसांत निर्धास्त निजतील, त्या दिवशीं दात्याचें दान खरें पोंचलें असें आम्ही समजूं. अवर्षणांत पाणी नसल्यानें माणूस मरूं नये यासाठीं आपण झटतों; अडविलेल्या पाण्यानेंच तो मरूं नये, हीही त्याच कामाची दुसरी बाजू आहे. ती पुरी करण्यास सर्व उदार गृहस्थांनीं मुक्तहस्तानें साह्य करावें, अशी आमची नम्र विनंति आहे.